जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी सरकारी निधी कसा मागायचा: शाळा व्यवस्थापन समितीच्या नव्या सदस्यांसाठी

आमच्या गावच्या शाळेत दुसरीच्या वर्गात पावसाळाभर एक पातेलं ठेवलेलं असायचं. पोषण आहाराच्या आमटीचं जुनं पातेलं. स्लॅबचे पोपडे पडून गज उघडे पडले होते, त्यातून पाणी टपकायचं, आणि मुलं त्या पातेल्याभोवती अर्धा गोल करून बसायची. पातेलं भरलं की एक मुलगा उठून ते बाहेर ओतून यायचा. बाईंनी त्याची पाळीच लावून दिली होती.

त्या वर्षी मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. "शाळेला पैसेच येत नाहीत" हे मी लग्न होऊन या गावात आल्यापासून ऐकत होते आणि तेच खरं धरून चालले होते. चार वर्षं, म्हणजे समितीच्या दोन मुदती काम केल्यावर आज सांगते: पैसे येतात. पण ते एका ठिकाणाहून येत नाहीत आणि एका महिन्यात येत नाहीत. ज्या शाळेची मागणी कागदावर नीट बसलेली असते, तिचा विचार आधी होतो. आमची मागणी कागदावरच नव्हती. ती फक्त पारावर होती.

तुम्ही नुकतेच समितीवर आला असाल, किंवा मुख्याध्यापक म्हणून पहिल्यांदाच हे काम अंगावर पडलं असेल, तर पुढचं वाचा. हे सगळं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांबद्दल आहे. खासगी अनुदानित शाळेत समितीची भूमिका सल्ला देण्यापुरतीच असते, तिथली वाट वेगळी.

१. आधी स्वतःचा अधिकार समजून घ्या

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात.

बहुतेक पालकांना ठाऊक नसतं ते हे: शाळेला मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो यावर लक्ष ठेवणं हे कायद्यानेच समितीला दिलेलं काम आहे. मग ते अनुदान शासनाचं असो, जिल्हा परिषदेचं असो की आणखी कोणाचं. शाळा विकास आराखडा करणं हेही समितीचंच काम. त्यामुळे तुम्ही हिशोब विचारलात तर ती ढवळाढवळ होत नाही. पण विचारण्याची पद्धत सांभाळा. आमच्या गुरुजींना सुरुवातीला वाटलं की आम्ही त्यांच्यावर संशय घेतोय. दोन-तीन बैठका एकत्र बसून कागद लावल्यावर तेच म्हणाले, "ताई, मला एकट्याला हे ओझं झालं होतं."

महिन्याला एक बैठक घ्या. खरोखर घ्या. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या की पुढे एखाद्या ठरावाची गरज लागते तेव्हा त्यात काय लिहिलंय हे कोणालाच आठवत नाही.

२. यू-डायसची माहिती तपासा

ही पायरी लोक वगळतात आणि तिथेच अडकतात. म्हणून इथे जरा थांबते.

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली यू-डायस प्लस पोर्टलवर शाळेची सगळी माहिती दरवर्षी भरली जाते: पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज, संरक्षक भिंत, ग्रंथालय. माहितीचा संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचं अनुदान किती आणि कोणत्या शाळेला काय हवं, याचा आधार हीच माहिती असते.

पहिल्यांदा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मी गळक्या खोलीचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, क्रमांक टाकला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "तुमच्या शाळेत चारही खोल्या चांगल्या आहेत." मी बघत राहिले. वर्गखोल्यांच्या स्थितीसमोर 'चांगली' या रकान्यात ४ आकडा होता. किरकोळ दुरुस्ती शून्य, मोठी दुरुस्ती शून्य. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. आदल्या वर्षीची माहिती तशीच पुढे आली होती, आणि त्या आधीच्या वर्षीचीही तशीच असणार. सरकारच्या लेखी ते पातेलं नव्हतंच.

तेव्हा मुख्याध्यापकांसोबत बसून शाळेचं यू-डायस प्रपत्र छापून घ्या आणि ते हातात धरून शाळेभर फिरा. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून पाहा: चांगली, किरकोळ दुरुस्ती, की मोठी दुरुस्ती? स्वच्छतागृह आहे असं लिहिलंय, पण त्यात पाणी येतं का? वीजजोडणी आहे असं लिहिलंय, पण ती चालू आहे की तोडलेली? चूक दिसली तर मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून दुरुस्त करा. माहिती भरण्याची मुदत संपली असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत (जवळच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) तालुक्याच्या गटसाधन केंद्राला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा.

पटाबाबत एक कळकळीचं सांगणं. अनुदान पटावर ठरतं म्हणून कोणी "दोन नावं वाढवून घेऊ" असं सुचवलं तर ऐकू नका. आता नोंद विद्यार्थीनिहाय होते, आधार जुळवलं जातं, आणि एक नाव दोन शाळांत निघालं की दोन्ही शाळांचा त्रास सुरू होतो. उलट जे मूल खरंच शाळेत येतं पण आधारातल्या चुकीमुळे नोंदीत अडकलंय, त्याचं आधार दुरुस्त करून घ्या. आमच्याकडे अशी तीन मुलं होती. ऊसतोड करणाऱ्या घरांतली. त्यांच्या आयांना घेऊन मी दोन फेऱ्या आधार केंद्रात मारल्या आणि पट ३१ वर गेला. तो ३१ का महत्त्वाचा, ते पाचव्या पायरीत येईल.

३. गरजांची तीन ढिगांत विभागणी करा

"शाळेला निधी द्या" असा अर्ज कुठेच चालत नाही. कोणत्या कामाला कोणता पैसा लागतो ते वेगवेगळं आहे.

पहिला ढीग रोजच्या खर्चाचा: वीजबिल, खडू-फळा, झाडू-फिनेल, नळ-कडीची दुरुस्ती, खेळाचं साहित्य. याला समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान.

दुसरा ढीग पाणी, स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, फरशी, रंगकाम अशा मधल्या कामांचा. याला ग्रामपंचायत.

तिसरा मोठ्या बांधकामाचा: नवी खोली, छताची विशेष दुरुस्ती, संरक्षक भिंत. याला जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा सेस (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी) किंवा आमदार-खासदार निधी.

एका कागदावर तीन रकाने पाडा आणि प्रत्येक गरज कुठल्या तरी एकाच रकान्यात लिहा. हा कागद पुढे सगळीकडे कामाला येतो.

४. शाळा विकास आराखडा लिहा

कायद्याच्या कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो तीन वर्षांचा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. वर्गनिहाय अपेक्षित पट, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा आणि वर्षवार लागणारा पैसा इतकं त्यात यायला हवं. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या होऊन तो जिल्हा परिषदेकडे जातो, आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या आधी जावा लागतो. आम्ही डिसेंबरातच देऊन टाकायचो.

बऱ्याच शाळांत हा आराखडा शेजारच्या शाळेचा उतरवून काढलेला असतो. मीही एक असा पाहिला, त्यात दुसऱ्याच गावाचं नाव राहून गेलं होतं. असा कागद कोणी मनावर घेत नाही, आणि का घ्यावा?

आराखड्यात मागणी मांडताना कायद्याच्या परिशिष्टाचा आधार द्या. त्यात शाळा इमारतीचे निकष दिलेले आहेत: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं, पुरेसं आणि सुरक्षित पिण्याचं पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण, आणि दिव्यांग मुलांना अडथळ्याविना आत येता येईल अशी सोय. "खोली बांधून मिळावी ही विनंती" याऐवजी "शाळेत तीन शिक्षक, वापरण्याजोग्या खोल्या दोन, परिशिष्टातील निकषाप्रमाणे एक खोली कमी" असं लिहा. विनंती बाजूला ठेवता येते. निकषातली तूट बाजूला ठेवताना अधिकाऱ्यालाही कारण लिहावं लागतं.

५. संयुक्त शाळा अनुदान: मर्यादा, खर्च आणि ३१ मार्च

समग्र शिक्षा २०१८-१९ पासून सुरू आहे, खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. आपल्याकडे ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत चालते. संयुक्त शाळा अनुदानाचे वार्षिक दर पटाप्रमाणे असे:

- पट १ ते ३०: १०,००० रुपये
- पट ३१ ते १००: २५,००० रुपये
- पट १०१ ते २५०: ५०,००० रुपये
- पट २५१ ते १,०००: ७५,००० रुपये
- पट १,००० च्या वर: १ लाख रुपये

आता कळलं असेल, त्या तीन मुलांच्या आधारासाठी फेऱ्या का मारल्या. शिकणारी मुलं नोंदीत आली हे तर झालंच, शिवाय अनुदानाचा टप्पा बदलला.

हे दर म्हणजे कमाल रक्कम धरा. प्रत्यक्षात रक्कम हप्त्यांत येते आणि कधी कमीही येते. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेच्या कृती आराखड्यासाठी वापरायचा असतो. बाकीचा इमारत आणि स्वच्छतागृहाची किरकोळ देखभाल, बंद पडलेली उपकरणं बदलणं, वीजबिल, इंटरनेट, पाणी, शैक्षणिक साहित्य यांसाठी. ग्रंथालयाचं आणि क्रीडा साहित्याचं अनुदान वेगळं असतं, प्राथमिक शाळेला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत. ते आलं की त्याच कामाला वापरा, मुख्य अनुदानात मिसळू नका.

आता पैशाचा प्रवास. आता पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडत नाहीत. शाळेचं खातं शून्य शिलकीचं असतं, आणि राज्याच्या एका मुख्य खात्यातून शाळेला खर्चाची मर्यादा दिली जाते. पासबुकात शून्य दिसलं म्हणून "अनुदान आलंच नाही" असं समजून बसू नका. मुख्याध्यापकांना पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या पोर्टलवर, मर्यादा तपासायला सांगा, मार्चपर्यंत दर आठवड्याला.

खर्च करताना क्रम असा:

समितीच्या बैठकीत खर्चाचा ठराव घ्या, त्यात वस्तू आणि अंदाजे रक्कम लिहा. दरपत्रकं मागवा, शक्यतो तीन. वस्तू किंवा काम झालं की पक्कं बिल घ्या. दुकानदाराची पीएफएमएसवर नोंद करा. मग एका लॉगिनमधून देयक तयार होतं, दुसऱ्या लॉगिनमधून मंजूर होतं, आणि छापील प्रदान आदेश सह्या करून बँकेत जातो.

दुकानदाराची नोंद करताना त्याच्या पासबुकाची झेरॉक्स समोर ठेवा. बिलावर दुकानाचं नाव आणि बँकेत मालकाचं नाव असं असेल तर थांबा आणि आधी ते जुळवा. दुसऱ्या वर्षी आम्हाला मर्यादा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली. वायरिंगचं काम आधीच ठरलेलं होतं, दोन दिवसांत झालंही. २९ तारखेला आदेश बँकेत दिला. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता, देयक परत आलं. ३१ मार्चच्या संध्याकाळी मी आणि गुरुजी शाळेच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो होतो, ओटीपी येईना, पोर्टल हलेना. रात्री मर्यादा मागे गेली. वायरमनचे साडेआठ हजार आम्ही समितीच्या सदस्यांनी वर्गणी काढून दिले. तो माणूस गावातलाच, त्याचं घामाचं काम होतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. नेहमीच्या चार दुकानदारांची नोंद एप्रिल-मेमध्येच करून ठेवली, आणि खर्चाचे ठराव जानेवारीतच घेऊन ठेवले. मर्यादा आली की त्याच दिवशी देयक तयार.

वीजबिलाबद्दल दोन ओळी. बिलावर ग्राहक वर्ग कोणता छापलाय ते पाहा. सरकारी शाळेसाठी सार्वजनिक सेवा हा वेगळा वर्ग आहे. जुन्या जोडण्या कधी कधी वाणिज्य वर्गात राहून गेलेल्या असतात आणि शाळा वर्षानुवर्षं जास्तीचा दर भरत असते. अर्ज करून वर्ग बदलून घ्या.

६. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं काम घाला

वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला येतो. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित, पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेप्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा चालू वर्षाचं प्रमाण ग्रामपंचायतीतून लिहून घ्या. शाळेचं स्वच्छतागृह, नळजोडणी, टाकी, हात धुण्याची रांग ही कामं बंधितमध्ये मांडा. फरशी, रंग, दारं-खिडक्या अबंधितमध्ये.

पण काम आराखड्यात नसेल तर सरपंचांची इच्छा असूनही पैसा खर्च करता येत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि तो पुढच्या वर्षाचा असतो. म्हणून वेळापत्रक उलटं मोजा: पुढच्या जूनमध्ये नळ हवा असेल तर या ऑगस्टमध्येच अर्ज द्यायला हवा.

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी समितीचा ठराव करून तो ग्रामसेवकांकडे द्या (त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात). मग ग्रामसभेला समितीच्या आयांना घेऊन जा. आम्ही अकराजणी गेलो होतो. एकीने उभं राहून एवढंच सांगितलं की तिची चौथीतली मुलगी शाळेत लघवीला जायला नको म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. त्यावर कोणाला काही बोलावं लागलं नाही, ठराव झाला.

ठराव झाला की काम संपलं असं धरू नका. इतिवृत्तात तो लिहिला गेलाय का ते आठवडाभरात पाहा आणि नक्कल मागा. नंतर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा उघडून शाळेचं काम, त्याची रक्कम आणि ते बंधितमध्ये आहे की अबंधितमध्ये ते तपासा. हे कोणालाही पाहता येतं, लॉगिन लागत नाही. आमचं काम पहिल्या वर्षी ठरावात होतं आणि पोर्टलवर नव्हतं. डिसेंबरात लक्षात आलं म्हणून घालता आलं.

७. खोली धोकादायक असेल तर: आधी निर्लेखन

नवी खोली मागणाऱ्या शाळा सर्वात जास्त इथे अडतात. जुनी पडकी खोली जोवर कागदोपत्री उभी आहे, तोवर शाळेत खोली कमी आहे असं सिद्ध होत नाही. शिवाय नवी खोली बहुधा त्याच जागेवर बांधायची असते. म्हणून जुन्या खोलीचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून आणि नोंदीतून काढून टाकणं, आधी करून घ्यावं लागतं.

त्याचा रस्ता असा: समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे. शाखा अभियंता येऊन पाहणी करतात, इमारत वापरास अयोग्य असल्याचा दाखला आणि जुन्या साहित्याचं मूल्यांकन देतात. मग जिल्हा परिषदेकडून निर्लेखनाचा आदेश. तो हातात पडल्याशिवाय एक वीटही काढू नका. गावकऱ्यांनी श्रमदानातून पडकी खोली पाडून टाकली आणि नंतर तिच्या पत्र्या-लाकडाचा हिशोब मुख्याध्यापकांच्या मानगुटीवर बसला, असं मी जवळच्याच एका शाळेत पाहिलंय.

तोवर त्या खोलीत मुलं बसवू नका. दाराला कुलूप लावा, 'धोकादायक, प्रवेश बंद' असं लिहा, आणि तसं केल्याचं गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. वर्ग समाजमंदिरात किंवा व्हरांड्यात भरवावा लागला तर तेही पत्रात लिहा. आम्ही पातेलं ठेवून दोन पावसाळे काढले, ही मला अजून बोचणारी गोष्ट आहे. त्या स्लॅबखाली मुलं बसत होती.

नव्या खोलीचा किंवा विशेष दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्यामार्फत जिल्हा वार्षिक योजनेत जातो. त्या निधीचा निर्णय जिल्हा नियोजन समितीत होतो, पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. प्रस्तावासोबत हे कागद जोडा:

- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची नक्कल, बैठकीच्या तारखेसह
- ग्रामपंचायतीचा ठराव
- जागेचा पुरावा: सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा
- अभियंत्यांचा पाहणी अहवाल आणि अंदाजपत्रक
- निर्लेखनाचा आदेश
- यू-डायस प्रपत्राचं त्या वर्षाचं छापील पान
- पट आणि कार्यरत शिक्षकांचा दाखला
- शाळा विकास आराखड्यातलं ते पान, ज्यावर ही मागणी आहे
- हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला
- खोलीचे फोटो, तारखेसकट

जागेच्या पुराव्याकडे विशेष लक्ष द्या. कितीतरी शाळा कोणीतरी आजोबांनी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत आणि उताऱ्यावर आजही त्यांचंच नाव आहे. दान देणारा माणूस उदार होता, पण नातवंडांत वाटण्या झाल्या की प्रश्न उभा राहतो. बक्षीसपत्र करून जागा शाळेच्या नावे करायला वेळ लागतो, म्हणून हे काम निधीची वाट न पाहता सुरू करा.

अंदाजपत्रक दोन वर्षांपूर्वीचं असेल तर नव्या दरसूचीप्रमाणे बदलून घ्या. मंजूर रक्कम कमी पडली की काम जोत्यापर्यंत येऊन थांबतं.

८. आमदार आणि खासदार निधी

इथे फार लिहिण्यासारखं नाही. खासदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, राज्यात आमदारांनाही २०२२ पासून तेवढाच. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होते, आणि बांधकाम शासकीय यंत्रणेमार्फत. त्यामुळे वर दिलेलाच कागदांचा गठ्ठा इथेही लागतो. तो तयार असेल तर भेटीच्या पाच मिनिटांत काम होतं. गठ्ठ्याशिवाय गेलात तर आश्वासन घेऊन परत याल. एकच काम दोन्हीकडे मंजूर होऊ देऊ नका, दोन्ही अडकतात.

९. अर्ज दिला, आता पाठपुरावा

अर्ज कोणाच्या हातात देऊन येऊ नका. बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाची नोंद करणाऱ्या टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पहिल्यांदा मला सांगितलं गेलं, "ताई, ठेवून जा, साहेब आले की देतो." मी ठेवून आले. दोन महिन्यांनी तो अर्ज कुठेच नव्हता आणि तो दिल्याचा पुरावाही माझ्याकडे नव्हता. पुढच्या वेळी पाणी पीत बसून राहिले, शिक्का घेऊनच उठले.

महिन्याभराने स्मरणपत्र द्या, त्यात आधीचा आवक क्रमांक लिहा. मध्ये एकदा टेबलवर जाऊन कागद कुठे आहे ते विचारा. नम्रपणे, पण टेबलाचं नाव घेऊनच बाहेर पडा: आस्थापना, बांधकाम की लेखा? पुढचं स्मरणपत्र त्या टेबलासाठी.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात आपल्या प्रस्तावाची सद्यस्थिती आणि त्यावरच्या टिप्पणीची नक्कल मागा, उत्तर ३० दिवसांत यावं लागतं. मुलांच्या हक्कालाच बाधा येत असेल, म्हणजे स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, खोली धोकादायक आहे, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. आम्हाला तक्रारीपर्यंत जावं लागलं नाही. कलम ३२ चा उल्लेख असलेलं स्मरणपत्र गेल्यावर अभियंते आठ दिवसांत पाहणीला आले.

१०. हिशोब पूर्ण करा

आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला, दिलेलं नसेल तर पुढचं अडतं. म्हणून कॅशबुक रोजच्या रोज, प्रमाणकांना (खर्चाच्या व्हाउचरना) क्रमांक, आणि घेतलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू साठा नोंदवहीत. पंखा घेतला तर नोंदवहीत लिहा आणि पंख्यावरही रंगाने क्रमांक टाका. वर्षाअखेर सगळा जमाखर्च पालकसभेत वाचून दाखवा आणि एक प्रत फलकावर लावा. आम्ही लावायला लागलो त्या वर्षी लोकवर्गणी कोणी न मागता वाढली. वर्गणी आलीच तर पावती फाडा, आणि शक्य असेल तिथे वस्तूच घ्या.

बांधकाम सुरू झालं की समितीतले दोघं रोज चक्कर मारा. सिमेंटच्या गोण्या मोजा, स्लॅब टाकायच्या दिवशी तिथे थांबा, स्लॅबवर पाणी मारलं जातंय का पाहा. देयकाआधी होणाऱ्या मोजमापाच्या वेळी हजर राहा. काही खटकलं तर त्याच दिवशी अभियंत्यांना लेखी द्या, काम संपल्यावर बोलून उपयोग नाही.

समितीची मुदत दोन वर्षांची. नवी समिती आली की पुन्हा पहिल्यापासून सगळं शोधत बसते, म्हणून एक जाड फाइल करा: ठरावांच्या नकला, आवक शिक्क्याच्या प्रती, आराखडा, यू-डायसची दरवर्षीची पानं, जागेचे उतारे, दुकानदारांची यादी, आणि पहिल्या पानावर अजून लटकलेल्या कामांची यादी, प्रत्येकासमोर शेवटचा आवक क्रमांक. मी फाइल सोपवली तेव्हा त्या पानावर एकच काम उरलं होतं, पूर्वेकडच्या बाजूचं चाळीस फूट कुंपण. नव्या अध्यक्षांनी ते या ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडलंय.